तिसऱ्या भेटीसकट माझी सगळी मालमत्ता

मी, सारंग मोहन कुंभोजे, वय वर्षे एकोणतीस, मूळ राहणार इचलकरंजी, हल्ली मुक्काम डार्विन, ऑस्ट्रेलिया, धंदा (या जागी काय लिहावे ते कलम चारमध्ये येईल), आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकात नसताना, बिअर घेतलेली नसताना आणि डोक्यावर पंखा पाचवर फिरत असताना, पुढीलप्रमाणे माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे.

लिहिण्याचे कारण असे की येत्या सोमवारी, म्हणजे नरकचतुर्दशीच्या सकाळी सात वाजता, इथल्या हॉस्पिटलात माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. लोक उटणं लावून पहिली अंघोळ करत असतील, तेव्हा मी हॉस्पिटलने दिलेल्या गुलाबी साबणाने करणार. तेजश्री (कलम पाच बघावे) तिथेच नर्स आहे. तिचं म्हणणं, "अरे, हर्निया आहे, हार्ट ट्रान्सप्लांट नाही. चाळीस मिनिटांत बाहेर. नो वरीज." पण फॉर्मच्या तिसऱ्या पानावर एक चौकोन आहे: मृत्युपत्र केले आहे काय? मी नववीला दोनदा बसलोय. छापील कागदावर प्रश्न दिसला की आजही माझ्या पोटात गोळा येतो, आणि सध्या पोटाला तेवढं झेपत नाही. म्हणून करून टाकतो.

नमुना म्हणून माझी बहीण मयूरा हिने मामांच्या मृत्युपत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मामांकडे विहीर होती, दोन म्हशी होत्या आणि एक कोर्टात पडलेला बांध होता. भाषा त्यांची, ऐवज माझा. जिथे जुळत नाही तिथे वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

कलम एक. विहिरीवरील पाण्याची पाळी. मला विहीर नाही. मामांचं पहिलं कलम हेच होतं, म्हणून आकडे बिघडू नयेत यासाठी ठेवलं आहे.

कलम दोन. स्थावर. काही नाही. मी राहतो ती खोली मॅडमच्या, म्हणजे मी ज्यांच्याकडे काम करतो त्यांच्या, घराखाली आहे. इथली जुनी घरं उंच खांबांवर असतात, खाली गाडी, गवत कापायचं मशीन आणि मी. खोलीतला बेडूक माझ्या आधीपासून राहतो, त्याला कोणी हलवू नये.

कलम तीन. जंगम. बँकेत जे असेल ते आईला, श्रीमती श्यामला मोहन कुंभोजे यांना. माझी गाडी तेजश्रीला. चालू करताना आधी क्लच, मग ब्रेक, मग देवाचं नाव, हा क्रम बदलू नये. लोखंडी तवा मयूराला. किचनमधला माझा सुरा विमानात नेता येत नाही, तो तेजश्रीकडेच राहू दे. ती चिडल्यावर तो हातात घेते याची मला तेव्हा भीती नसेल.

याच कलमात नमूद करतो की श्री. पद्माकरकाका, ज्यांच्या हॉटेलात मी कूकच्या व्हिसावर डार्विनला आलो, त्यांना मी काहीही देत नाही. कारणे दोन. पहिलं कारण तांबडा रस्सा. आईने फोनवर तासभर उभं राहून शिकवलेला रस्सा मी काकांच्या किचनमध्ये केला आणि काकांनी माझ्यादेखत त्यात क्रीम ओतलं. मी म्हटलं, "काका, हा तांबडा रस्सा आहे." काका म्हणाले, "अरे, इथल्या लोकांना घाम येतो." मी म्हटलं, "काका, तो त्यासाठीच असतो." दुसऱ्या दिवशी मेनूवर इंग्रजीत 'सौम्य लाल सूप' असं आलं. मी तत्त्वासाठी एप्रन काढून ठेवला. कायम राहण्याचा व्हिसा मला त्याच्या आदल्या आठवड्यात मिळाला होता, हा योगायोग. दुसरं कारण असं की ज्याला मृत्युपत्रातून काही लाभ होतो त्याने साक्षीदार होऊ नये, असं मॅडमनी सांगितलं आहे. मी म्हटलं, "इथला कायदा तसाच आहे का?" त्या म्हणाल्या, "इथला कसाही असो, माझ्या टेबलावर हाच आहे." आणि पहिल्या साक्षीदार मॅडम, त्यांच्याखेरीज मला मराठी वाचता येणारा एक साक्षीदार हवा आहे. तेव्हा काकांना वगळलं आहे ते त्यांचा मान राखूनच.

कलम चार. धंदा. काकांच्या हॉटेलानंतर मी आंबे पॅक केले, गाड्या धुतल्या, गॅसवाल्यांच्या कॅम्पात भांडी घासली आणि मगरी दाखवणाऱ्या बोटीवर मांसाचा तुकडा बांधलेली काठी धरली. एका जागी माझं बूड टिकत नाही. आई म्हणते, तुला पायाऐवजी चाकं लावून पाठवलं. असा मी, एका शनिवारी डार्विनच्याच नाइटक्लिफ भागातल्या एका घरी दोन तास गवत कापायला गेलो, तो साडेचार वर्षं झाली, तिथेच आहे.

दार उघडलं ते काठीसारख्या सरळ उभ्या असलेल्या एका गोऱ्या बाईंनी. त्यांनी मला "हेर कुंभोजे" अशी हाक मारली. मी म्हटलं, मी कुणाचा हेर नाही, गवतासाठी आलोय. मग कळलं की त्यांच्या भाषेत हेर म्हणजे श्रीयुत. नववी नापास माणसाला श्रीयुत म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

या रेगुला झुमस्टाइन, वय एकाहत्तर. स्वित्झर्लंडमधल्या एका कँटनच्या (कँटन म्हणजे आपला एखादा जिल्हा समजा, फक्त रुबाब राज्याचा) त्या सव्वीस वर्षं सरकारी वकील होत्या. तिकडे सरकारी वकील नुसता कोर्टात उभा राहत नाही. चौकशी तोच करतो, धाड तोच घालतो, लहानसहान दंडही तोच ठोकतो. म्हणजे वकील आणि फौजदार एकाच कोटात. मॅडमचे मिस्टर इथले होते, दगडांचा अभ्यास करायचे. ते वारले आणि हे घर राहिलं. अकरा वर्षांपूर्वी मॅडमनी नोकरी सोडली आणि इथे आल्या, कारण कँटनपासून याच्यापेक्षा लांब त्यांच्या मालकीचं काही नव्हतं.

मी गवत कापतो, गाडी चालवतो, स्वयंपाक करतो आणि टिपणं लिहितो. टिपणांचं कलम सात बघावे. या सगळ्याला मिळून धंदा म्हणून काय म्हणतात ते वाचणाऱ्यानेच ठरवावे.

कलम पाच. तेजश्री. नाशिकहून नर्सिंग शिकायला आली, आता इथलीच. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी. आमचं लग्नाचं अजून ठरलेलं नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ती म्हणाली, "आधी एक नोकरी पाच वर्षं टिकव." पाच वर्षं व्हायला सहा महिने कमी आहेत. तेव्हा मी मेलोच तर तेजश्रीने तेवढी सूट द्यावी आणि मनातल्या मनात 'हो' म्हणून टाकावं.

कलम सहा. मॅडमनी वेळोवेळी दिलेल्या वस्तू.

एक, गायीच्या गळ्यातली पितळी घंटा. ही मॅडमच्या पहिल्या गाजलेल्या प्रकरणातली. शहरातून खेड्यात राहायला आलेल्या एका डॉक्टरने तक्रार केली की शेजारच्या गायीची घंटा त्याला झोपू देत नाही. शेतकरी म्हणाला, घंटा काढली तर गाय हरवेल. मॅडम तेव्हा पस्तिशीत होत्या. त्यांनी घंटा जप्त केली, स्वतःच्या गळ्यात घालून दोन दिवस कुरणात फिरल्या, आणि आवाज मोजायला डॉक्टरच्या खिडकीत एक कारकून उभा केला. शेवटी दोघांनाही दंड. डॉक्टरला वाढवून सांगितल्याबद्दल, शेतकऱ्याला दुसरी गाय कारकुनाच्या अंगावर सोडल्याबद्दल. पेपरात घंटा घातलेला फोटो आला. मॅडम म्हणतात, "फोटो चांगला होता." घंटा आईला द्यावी, देवघरात चालेल.

दोन, चीज कापायची तार, दोन्ही टोकांना लाकडी मूठ. एका बँकवाल्याने चोरीचे कागद तळघरातल्या चीजच्या चाकांत लपवलेत अशी मॅडमना खबर लागली. ही चाकं म्हणजे बैलगाडीच्या चाकाएवढी. मॅडमनी त्रेचाळीस चाकं कापली. आत चीजच निघालं. पेपरवाल्यांनी त्यांना 'चीजवाली बाई' असं नाव ठेवलं, आणि पुरावा म्हणून जमा केलेलं चीज तीन महिने ऑफिसात राहिलं. बँकवाला सुटला, वास काही सुटला नाही. तार मराठी मंडळाला द्यावी, बर्फी कापायला.

तिसरी वस्तू माझी नाही, भिंतीवर आहे, पण सांगून ठेवतो. मॅडमनी आपल्या सख्ख्या भावावर परवान्याशिवाय हरीण मारल्याबद्दल खटला भरला होता. भावाने दंड भरला आणि पावती फ्रेम करून नाताळची भेट म्हणून पाठवली. ती बैठकीत लावलेली आहे. मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?" मॅडम म्हणाल्या, "फ्रेम महागातली आहे."

एवढं सांगायचं कारण, मॅडमबद्दल पुढे जे येणार आहे ते वाचताना ही बाई कोणाला सोडणाऱ्यातली नव्हती हे ध्यानात असावं.

कलम सात. टिपणवह्या, एकूण बावीस.

मॅडमची नोकरी गेली ती एका कागदापायी, म्हणजे नसलेल्या कागदापायी. एका जागतिक खेळ-महासंघाच्या अध्यक्षाची चौकशी त्यांच्याकडे होती. खेळ कोणता ते त्या सांगत नाहीत. मी विचारलं, "कबड्डी का?" तर नाही म्हणाल्या. तळ्याकाठच्या एका हॉटेलात मॅडम त्या अध्यक्षाला तीनदा भेटल्या. पहिल्या दोन भेटींची टिपणं आहेत. तिसरीचं नाही. वर्षभराने बातमी फुटली, तेव्हा अध्यक्ष म्हणाला, "मी सगळं सांगितलं आणि बाई म्हणाल्या, विषय इथेच संपला." मॅडमना समितीने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "आठवत नाही." जिला दोन दिवस घंटा वाजवलेल्या कुरणात किती गायी होत्या ते आठवतं, ती म्हणते आठवत नाही. खटला कोसळला, अध्यक्ष मोकळा झाला आणि मॅडमनी राजीनामा दिला. लाच कशात घेतली असेल यावर पेपरांनी महिनाभर डोकी चालवली.

तेव्हापासून मॅडमच्या घरात टिपणाशिवाय चहासुद्धा होत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे वही ठेवली. मी म्हटलं, "मला इंग्रजी लिहिता येत नाही." "कुठल्या भाषेत येतं?" "मराठीत." "मग मराठीत लिहा. लिहिणं आज, वाचणं नंतर." तेव्हापासून रोज. नमुन्यादाखल एक (पोसम म्हणजे इथला झाडावर राहणारा, मांजराएवढा प्राणी):

'हजर: मॅडम, मी. विषय: आंब्याची फांदी. मॅडम: कापा. मी: तिच्यावर पोसम राहतो. मॅडम: काय? मी (मोठ्याने): पोसम! मॅडम: त्याला आठ दिवसांची नोटीस द्या. मी: बरं. दुरुस्ती: नाही. सही, सही.'

नोटीस मी दिली. तो अजून आहे.

बावीसही वह्या मयूराला. तिला वाचायला फुरसत नसली तरी कोणाला रद्दीत देऊ नयेत. शाळेत मी जेवढं लिहिलं नाही तेवढं यात लिहिलं आहे, आणि कोणी लाल शाईने गोल केलेले नाहीत.

कलम आठ. आईस.

आई, मी मॅडमकडे लागलो त्याच आठवड्यात तुझा व्हिडिओ कॉल आला. मी म्हटलं, "एका सरकारी वकील बाईंकडे लागलोय." त्यापुढचं 'गवत कापायला' हे नेटवर्कने खाल्लं. तू स्क्रीनवर तोंड उघडं ठेवून थिजलीस. मग आवाज आला, "हापिसात का रं? खुर्ची हाय?" मी मान हलवली.

तेवढंच केलं मी. एकदा मान हलवली.

तू गल्लीत पेढे वाटलेस. मग लोक मला व्हॉट्सअ‍ॅपवर बांधाचे नकाशे पाठवायला लागले. मी मॅडमना विचारून सल्ले दिले. मॅडमचा सल्ला दर वेळी एकच, दोघांनाही दंड. तरी पाटलांचा बांध मिटला, तो कसा हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण आई, मी ऑफिसात नाही. खुर्ची आहे, ती बागेतली, प्लास्टिकची. हे तुला सांगायचं साडेचार वर्षं राहिलं, ते आता सांगतो.

कलम नऊ. मॅडमची तिसरी भेट.

मामांच्या कागदात असं कलम नाही. भाषा माझीच आहे.

गेल्या मार्चमध्ये वादळाचा इशारा आला. घराखाली मॅडमची लोखंडी पेटी असते, तिच्यात त्या चौकशीचे कागद. मॅडम म्हणाल्या, पेटी वर न्या. मी म्हटलं, चौघं लागतील. मॅडमना ते ऐकू आलं नसावं. मी एकट्याने सतरा पायऱ्या चढवली. वादळ समुद्रातच वळलं, हर्निया मात्र आला. मी व्हरांड्यात आडवा पडून कण्हत होतो, एका हातात वही. मॅडम शेजारी खुर्ची घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पेन खाली ठेवा." मी आल्यापासून पहिल्यांदा.

मी ठेवलं. त्यांनी सांगितलं ते असं.

तेव्हा मॅडम एकोणसाठच्या होत्या. दोन्ही कान जात चालले होते. कानातली यंत्रं घेऊन पंधरा दिवस झाले होते, आणि ती यंत्रं त्या भेटीच्या दिवशी पर्समध्ये होती. हॉटेलच्या गच्चीवर बसायचं ठरलं, आजूबाजूला माणसं, कोणी फोटो काढला तर म्हातारी दिसेन, म्हणून त्यांनी ती घातली नाहीत. वारा होता. अध्यक्ष हळू बोलणारा माणूस. दीड तास तो बोलला, मॅडमना त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. तो थांबला की त्या मान हलवायच्या. त्याने आपले सगळे गुन्हे कबूल केले असावेत, कारण शेवटी तो रडला आणि मॅडमचा हात हातात घेऊन निघून गेला. टिपण काय लिहिणार? ऐकलंच नव्हतं.

मी विचारलं, "मग समितीपुढे का नाही सांगितलंत? एक वाक्य होतं."

मॅडम म्हणाल्या, "हेर कुंभोजे, लाचखाऊ म्हणणाऱ्यांच्या डोळ्याला मी डोळा देऊ शकत होते. बहिरी म्हणून हसणाऱ्यांकडे कसं बघायचं ते मला माहीत नव्हतं."

मी तसाच आडवा पडून म्हटलं, "मॅडम, माझीपण एकदा मान हलली आहे." आणि कलम आठमधलं आईचं सांगितलं. मॅडमनी मला उठून बसायला हात दिला.

जूनमध्ये तेजश्रीने मॅडमना कान तपासायला नेलं. नवी यंत्रं आली. ती डबी तेव्हापासून फ्रिजवर बटाट्यांशेजारी आहे. ऑगस्टमध्ये कँटनच्या दप्तरखान्याचं पत्र आलं: फाइल एकतीस ऑक्टोबरला कायमची बंद होत आहे, शेवटचा शेरा असा राहील, 'तिसऱ्या भेटीत काय बोलणे झाले ते अज्ञात. गैरव्यवहाराची शक्यता नाकारता येत नाही.' आपणास काही सांगायचे असल्यास त्याआधी कळवावे. त्या दिवसाचं टिपण: 'विषय: पत्र. मॅडम: उत्तर देणार नाही. मी: का? मॅडम: पुढचा विषय.'

ही गोष्ट जगात मॅडमनंतर फक्त मला माहीत आहे आणि सोमवारी माझं पोट फाडणार आहेत. तेव्हा माझी इच्छा अशी की मी मेल्यास तेजश्रीने हे कलम इंग्रजीत करून एकतीसच्या आत त्या पत्त्यावर पाठवावं. जिवंतपणी मी शब्द पाळला आहे. मेल्यावरही पेन खाली ठेवा, असं मॅडम म्हणाल्या नव्हत्या.

अडचण एकच. मी जगलो तर हा कागद पेटीत जाईल आणि शेरा तसाच राहील. ज्या बाईने सख्ख्या भावाला सोडलं नाही, तिच्या नावापुढे ते वाक्य कायम. यावर मला काही सुचलेलं नाही.

पुरवणी. रविवार दिनांक १९ रोजीचे टिपण.

हजर: मॅडम, पद्माकरकाका, मी. वेळ: आर्वो (इथे दुपारला असं म्हणतात), तीन वाजता. विषय: सह्या.

काका चकलीचा डबा घेऊन आले. त्यांनी कलम तीन उभ्यानेच वाचलं आणि म्हणाले, "क्रीम नव्हतं ते. नारळाचं दूध होतं." मी म्हटलं, "काका, गुन्हा तोच." काका म्हणाले, "तवा तरी दे की रे." मी म्हटलं, "मग सही कोण करणार?"

मॅडमनी पानं हातात घेतली. मला वाटलं मोजतायत. त्या ओळींवरून बोट फिरवत गेल्या, एका जागी थांबल्या. "हा शब्द मी आहे."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला मराठी येतं?"

"नाही. पण साडेचार वर्षं रोज वहीच्या पहिल्या ओळीत, 'हजर'च्या पुढे, हाच शब्द बघते. या एका भागात मी मोजायचं सोडून दिलं. काय आहे हे?"

मी म्हटलं, "तिसरी भेट."

काकांचं चकलीचं चावणं थांबलं. मी म्हटलं, "काकांना खाली पाठवू?" काका म्हणजे डार्विनच्या मराठी मंडळाचं वर्तमानपत्रच. मॅडम उठल्या, फ्रिजवरून डबी काढली, आणि खिडकीच्या काचेत बघत एकेक यंत्र कानात बसवलं. मग दचकल्या.

"हा आवाज कसला?"

"फ्रिज, मॅडम."

"रोज असतो?"

"मी आल्यापासून."

त्या खुर्चीत बसल्या. "त्यांना राहू दे. वाचा. हळू आवाजात वाचा, तुम्ही फार ओरडता."

मी कलम नऊ वाचलं, वाक्यावाक्याला इंग्रजी करत. संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "एक दुरुस्ती. वारा नव्हता. कारंजं होतं, तेही लांब. वाऱ्याला दोष देऊ नका."

दुरुस्ती: वारा नव्हता.

काकांनी चकली गिळली. "म्हणजे मॅडम, एवढंच? अहो, माझ्या सासऱ्यांनी अशीच मान हलवून मला मुलगी दिली. त्यांनाही ऐकू येत नव्हतं. अजून पस्तावतात." हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा मॅडम हसल्या, आणि स्वतःचं हसू ऐकून पुन्हा दचकल्या.

मी म्हटलं, "मॅडम, एक मुद्दा. या कलमाने तुमचं नाव साफ होतं. म्हणजे तुम्हाला लाभ. मग तुम्ही साक्षीदार कशा?"

त्यांनी चष्मा काढला. "मुद्दा बरोबर आहे." चष्मा पुसून परत लावला. "पण तपासू. आधी मला चीजवाली म्हणत होते. आता बहिरी म्हणतील. जो पेपर आतापर्यंत शिव्या देत होता तो व्यंगचित्र काढेल. संपूर्ण कँटन हसेल. यात लाभ कुठे आहे, दाखवा."

मी पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

"शिवाय तुमचा मसुदा कच्चा आहे. सगळं तुमच्या मरण्यावर टांगलंय. चाळीस मिनिटांचं ऑपरेशन, तुम्ही मरण्याची शक्यता फार कमी आहे. पत्र मीच लिहीन. आज. अट एक. तुमचं आठवं कलमही आज."

मी म्हटलं, "आठवं तर मी वाचलंच नाही, त्यात काय आहे ते तुम्हाला कसं कळलं?"

"मार्चमध्ये तुम्ही आडवे पडून बोलत होता तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. त्या तिसऱ्या भेटीनंतर मी तोंडं वाचायला शिकले. फोन लावा."

लावला. इचलकरंजीत सकाळ होती, आई कानोले तळत होती.

"आई, एक सांगायचंय. मी वकिलांच्या हापिसात नाही. बागेत काम करतो. गवत कापतो."

"मला ठावं हाय."

"कधीपासनं?"

"पयल्या दिवसापासनं. तुझ्या मागं घमेलं दिसत हुतं. वकिलाच्या हापिसात घमेलं कशाला ठेवत्यात?"

"मग पेढे का वाटलेस?"

"तू मान हलवलीस. म्हटलं, पोराला एवढं वाटतंय तर आसू दे." कढईचा चर्र आवाज. "आन् पाटलांस्नी काय सांगू नगंस. त्यांचा बांध मिटलाय. उगं परत उकरून काढत्याल."

मी म्हटलं, "बरं."

"मयूरानं मामाच्या कागदाचं सांगितलं. काल रडून घेतलं मी. आता नीट जा आन् नीट ये. त्या बाईंस्नी नमस्कार सांग." मॅडमनी स्क्रीनकडे बघून हात जोडले. आईने झारा हातात धरूनच जोडले.

मग मॅडमनी जर्मनमध्ये पत्र लिहिलं, वीस मिनिटांत. लिहून झाल्यावर उभं राहून आम्हा दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं. पान भरून होतं. संपलं तेव्हा मॅडमनी आमच्याकडे बघितलं. काकांनी मान हलवली. मीपण हलवली.

मॅडमनी पत्र टेबलावर ठेवलं. "मान हलवू नका. कळलं नसेल तर कळलं नाही म्हणा."

आम्ही दोघं म्हटलं, "कळलं नाही."

"छान. त्यात एकच कामाचं वाक्य आहे: त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं."

तेव्हा कलम नऊची आता गरज उरलेली नाही. पण खोडत नाही. मॅडमच्या मते खोडलेलं टिपण उगाच संशय आणतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पोस्ट उघडल्यावर तेजश्रीने पत्र रजिस्टर्ड टाकावं. मी जगलो तर पाकिटावर तिकीट मी लावीन.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिले, वाचून दाखवले, दुरुस्तीसह कायम केले. मामांच्या कागदावर म्हशींची नावे होती, त्या ओळीत बेडकाचे नाव लिहायचे होते, पण त्याला नाव नाही.

स्थळ: मॅडमचे घर, नाइटक्लिफ, डार्विन
दिनांक: रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

लिहून ठेवणार: सारंग मोहन कुंभोजे (सही)

साक्षीदार दुसरा: पद्माकर (सही). शेरा: कलम तीनमधील मजकूर मला मान्य नाही, ते नारळाचे दूध होते. बाकी सर्व माझ्यासमोर झाले.

साक्षीदार पहिली: रेगुला झुमस्टाइन (सही). दोन्ही यंत्रे कानात असताना, फ्रिजसकट सर्व ऐकून, समजून, सही केली.